सुकती

पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल
मी हल्ली भिंतीला विचारून टाकते.
टाचेत रात्रभर कुणीतरी
शिंगाळ्याचा काटा पेरून जातं.
दहा पावलांत तो मऊ पडतो,
चहा उकळेपर्यंत नाहीसा,
आणि मला वाटतं, चला, बरं झालं.
रोज वाटतं.

धावायला लागून एकोणतीस दिवस झाले.
त्यातले अकरा मी खुर्चीत बसून धावले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी हे कशाला,
याचं उत्तर तेव्हा नव्हतं, अजून नाही.
हर्णैला बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते,
लाद्या, डिझेल, कुठल्या बोटीची किती उधारी.
एका संध्याकाळी वही मिटली
आणि पाय पुळणीकडे वळले, एवढंच.
विजेच्या खांबापासून पालथ्या होडीपर्यंत.
तेवढ्यात भाता फुटायला आला.
होडीला टेकून मी हसत होते एकटीच,
कुत्रं बघत होतं.

मग बूट आणले रत्नागिरीहून.
सूट होती निम्म्याने,
नंबर नव्हता माझा.
घेतले तरी.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी
अंगठा नेमका तिथेच दाबला.
मी त्यांच्या टेबलाची कड धरली.
म्हणाल्या, निम्मं धावा, पोटरी ताणा,
हे बूट कुणाला तरी देऊन टाका,
नवे घ्याल ते संध्याकाळी, पाय फुगलेले असताना.
आणि बाटलीत पाणी गोठवून
तळव्याखाली फिरवा. बर्फ मिळेल ना घरी?

बर्फ.
बाई, मी सोळा वर्षं
बर्फाशिवाय दुसरं काही मोजलेलं नाही.

आता इब्राहिम होडेकर रोज सकाळी
लाद्यांच्या टाकीतून माझी बाटली काढून देतो.
टेबलावर जमाखर्च,
टेबलाखाली पाय मागे-पुढे, मागे-पुढे,
ओंडक्यांवरून होडी ओढावी तसा.
इब्राहिम म्हणतो, पापलेट टिकतं आठ दिवस,
तुमची टाच का नाही टिकणार?

भागीरथी चोगले मात्र हसली नाही.
रिकामी पाटी वाळूवर टेकवून
ती माझे ठसे वाचत बसली,
लिलावात मासा बघावा तशी.
"डावा बघ, सगळा दर्याकडे कललाय.
पुळण उताराची गो, तू उतारावर धावतेस.
उधाणाच्या सुकतीला ये.
पाणी लांब जातं तेव्हा,
वाळू खाली सपाट असते, घट्ट."

बंदर ते पाळंदे, डोक्यावर पाटी,
किती वर्षं, तिने मोजलेली नाहीत.
तिच्या टाचा मी तेव्हा पाहिल्या,
उन्हाळ्यातलं खाजण, भेगाभेगांचं.
विचारलं, तुम्हाला नाही दुखत?
"दुखतं की."
पाटी उचलता उचलता म्हणाली,
"इचारलंस तू पयल्यांदा."

टाकीत आता दोन बाटल्या असतात.
दुसरीवर मी सुतळी बांधलीय, ओळखायला.
दुपारी लिलाव संपला की ती येते,
माझ्या टेबलापलीकडच्या बाकावर बसते,
बाटलीवर पाय ठेवते आणि
कोलंबीच्या भावाला शिव्या घालते.
आम्ही दोघी दर्याकडे तोंड करून
जागच्या जागी चालत राहतो.
मालकाने विचारलं, हे कुठल्या खात्यात?
मी म्हटलं, घट.

काल पौर्णिमेनंतरची पहाट.
पाणी इतकं मागे गेलेलं
की खडकांच्या मुळांवरचं शेवाळ उघडं.
खांबापासून होडी, होडीपासून खाडीचं तोंड,
मग उलट, दर्या उजव्या हाताला घेऊन,
दोन्ही पायांना सारखं मिळावं म्हणून.
हळू. म्हातारा खेकडा मला मागे टाकेल इतकं हळू.

आज सकाळी भिंतीला विचारलं.
काटा होता.
पण सातव्या पावलालाच लाजला.
सातव्या, की आठव्या?
उद्या नीट मोजेन.